उपचारांचे अंतर : गोंदिया परिसरातील घराबाहेरची भीती आणि मनोपचारांचा इतिहास

मनाच्या आजारांच्या इतिहासात घराबाहेर पडण्याच्या भीतीला फारशी जागा मिळालेली नाही, आणि त्याचे कारण या आजाराच्या स्वरूपातच आहे. रस्ता ओलांडताना, आठवडी बाजाराच्या गर्दीत उभे राहताना किंवा आगगाडीच्या डब्यात बसल्यावर ज्याच्या छातीत धडधडू लागते, हातापायांना घाम सुटतो, आता आपण कोसळणार आणि मदतीला कोणी येणार नाही अशी ज्याची खात्री होते, तो माणूस आधी या जागा टाळतो, मग गाव टाळतो आणि शेवटी अंगणाशी येऊन थांबतो. त्याच्यावर उपचार करणारा माणूस मात्र याच टाळलेल्या वाटांच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या बाबतीत ही वाट विशेष लांब होती, कारण मनाच्या आजारांवर उपचार करणारी सर्वांत जवळची सरकारी संस्था पिढ्यान् पिढ्या नागपूरला, लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटरांवर होती. त्यामुळे या भागातील मनोपचारांचा इतिहास हा बऱ्याच अंशी अंतराचा इतिहास आहे, आणि उपचार घेण्यासाठी रुग्णाने दाखवलेल्या किंवा न दाखवलेल्या धैर्याविषयी बोलायचे तर आधी त्या अंतराचा हिशेब मांडावा लागतो.

वैद्यकशास्त्रात या भीतीला अॅगोराफोबिया म्हणतात. बर्लिनमधील मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये तीन पुरुष रुग्णांचे वर्णन करताना हे नाव रूढ केले. हे तिघेही एरवी शहाणे, कामधंदा करणारे लोक होते, परंतु मोकळे चौक आणि निर्मनुष्य रस्ते ओलांडताना त्यांना असह्य भीती वाटत असे, आणि ती निराधार आहे हे कळत असूनही ती आवरता येत नसे. वेस्टफाल यांनी नोंदवलेली एक गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे : सोबत कोणी असले, किंवा नुसती हातात काठी असली, तरी या रुग्णांची भीती बरीच कमी होत असे. पुढच्या शतकभरात या आजाराचा जो अभ्यास झाला त्यातून असे दिसून आले की रुग्णाला खरी धास्ती जागेची नसते, त्या जागी आपल्याला काय होईल याची असते. एकदा कुठेतरी अचानक घाबरण्याचा तीव्र झटका येतो, ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो काही मिनिटांत कळसाला पोचतो आणि ओसरतो, पण त्याची आठवण राहते, आणि पुढच्या वेळी नुसते हृदय थोडे जोराने धडधडले तरी रुग्णाला तीच झटक्याची सुरुवात वाटते. तो तिथून घरी परततो, बरे वाटते, आणि घरी परतल्यामुळेच बरे वाटले हा धडा शरीर पक्का करून ठेवते. टाळण्याने मिळणारा हा तात्पुरता दिलासाच आजाराला वर्षानुवर्षे जगवतो.

वेस्टफाल यांचे रुग्ण त्यांच्यापर्यंत पोचले, कारण ते एका मोठ्या शहरात राहत होते आणि त्या शहरात असा वैद्य उपलब्ध होता. त्याच काळात वैनगंगेच्या खोऱ्यात परिस्थिती अगदी वेगळी होती. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यानंतर तीन वर्षांनी, १८६४ मध्ये, नागपूरला वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि त्याचा बराचसा भाग तिरोडा व साकोली या तहसिलींत आणि लहानमोठ्या जमीनदाऱ्यांत मोडत असे. ज्या कायद्याखाली हे इस्पितळ चालले तो १८५८ चा कायदा उपचारांपेक्षा बंदोबस्ताचा विचार करणारा होता. आपल्या हद्दीत मोकाट भटकणाऱ्या आणि वेडसर वाटणाऱ्या माणसाला पोलीस अधिकाऱ्याने पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, मॅजिस्ट्रेटने वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मदतीने तपासणी करावी आणि आवश्यक वाटल्यास त्याला इस्पितळात पाठवावे, अशी ती रीत होती. म्हणजे कायद्याच्या नजरेत भरणारा मनोरुग्ण तो, जो घर सोडून रस्त्यावर आला आहे. जो घराबाहेर पडूच शकत नाही त्याच्याकडून शांततेला कसलाच धोका नव्हता, आणि म्हणून त्याच्यासाठी या कायद्यात एक ओळही नव्हती.

इस्पितळांच्या नोंदींवर विसंबून त्या काळच्या मानसिक आजारांचे चित्र काढू पाहणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवायला हवे. नोंदी कशा होत असत याचा एक दाखला भांग-गांजाच्या चौकशीसाठी १८९३-९४ मध्ये नेमलेल्या आयोगाच्या कामात सापडतो. देशभरातील वेड्यांच्या इस्पितळांत आजाराचे कारण म्हणून गांजाची नोंद सर्रास केली जात होती. आयोगाने १८९२ सालातील अशा प्रकरणांची मुळापासून छाननी केली तेव्हा निम्म्याहून अधिक नोंदींना आधार सापडला नाही. रुग्णाला आणणाऱ्या शिपायाने किंवा खालच्या अधिकाऱ्याने जे कारण लिहून दिले तेच पुढे आकडेवारीत चढत गेले होते. जिथे दाखल झालेल्या रुग्णांच्या आजाराचीही नीट चौकशी होत नसे, तिथे कधीच न आलेल्या रुग्णांविषयी कागदपत्रांतून काही कळण्याची आशा करणे व्यर्थ आहे. भंडारा जिल्ह्यातील गावांत अशी माणसे नव्हती असा याचा अर्थ होत नाही. ती सरकारी दप्तरात शिरली नाहीत एवढाच अर्थ होतो.

१८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड हा लोहमार्ग या भागातून गेला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीकडे आला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग जोडला गेल्यावर गोंदिया हे जंक्शन झाले. धान, तेंदूपाने, लाकूड आणि माणसे यांची ये-जा वाढली, आणि नागपूर काही तासांच्या टप्प्यात आले. घराबाहेर पडण्याची भीती असणाऱ्या माणसासाठी मात्र या सोयीत एक पेच होता. आगगाडी ही या आजारात सर्वांत जास्त टाळल्या जाणाऱ्या जागांपैकी एक आहे, कारण दोन स्थानकांच्या मध्ये उतरता येत नाही, आणि ‘वाटेल तेव्हा बाहेर पडता येईल’ या एकाच आश्वासनावर अशा रुग्णाचा जीव टांगलेला असतो. गंगाझरी, काचेवानी, तिरोडा, मुंडीकोटा, तुमसर रोड असा एकेक टप्पा गाडी घेत जाते तेव्हा इतर प्रवाशांच्या हिशेबात नागपूर जवळ येत असते, तर या रुग्णाच्या हिशेबात घर दूर जात असते. ज्या साधनाने उपचार जवळ आणले त्याच साधनात बसणे हीच पहिली परीक्षा ठरली.

नागपूरच्या या इस्पितळाच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ज्याने संस्थेविषयीची लोकांची समजूत काही काळ पार उलटी केली. १८९२ मध्ये ताजुद्दीन नावाच्या एका फकिराला वेडा ठरवून इथे दाखल करण्यात आले आणि १९०८ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, ते आत राहिले. या काळात ते सिद्धपुरुष असल्याची ख्याती पसरली आणि त्यांच्या दर्शनासाठी, आजारपण आणि अडीअडचणी घेऊन, हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांतील लोक वेड्यांच्या इस्पितळाच्या दाराशी गर्दी करू लागले. अखेरीस नागपूरकर भोसले घराण्यातील राजे रघुजीराव यांनी जबाबदारी पत्करून त्यांना बाहेर काढले. १९२५ मध्ये ताजुद्दीन बाबांचे निधन झाले आणि त्यांचा ताजाबाद येथील दर्गा आजही विदर्भातील मोठ्या श्रद्धास्थानांपैकी एक आहे. ज्या आवारात सरकारने माणसे कोंडली त्याच आवाराकडे लोक बरे होण्यासाठी आपल्या पायांनी चालत गेले. अर्थात ते गेले फकिराकडे, डॉक्टरांकडे नव्हे, आणि बाबा बाहेर आल्यावर गर्दीही त्यांच्यामागून निघून गेली. इस्पितळाच्या वाट्याला पुन्हा जुनीच ख्याती उरली. नागपुरात त्या परिसरातील चौकाला पागलखाना चौक हे नाव लोकांच्या तोंडी कायम राहिले, आणि संस्थेचे अधिकृत नाव बदलून प्रादेशिक मनोरुग्णालय झाले तरी रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता बदलला नाही. नागपूरला ‘दाखवायला’ नेणे या साध्या वाक्याला पूर्व विदर्भातील घरांत जे वजन आले त्याची मुळे या ख्यातीत आहेत.

दरम्यान गावात उपचार होत नव्हते असे नाही. ज्याचा जीव विनाकारण घाबरतो, जो बाजारात चक्कर येऊन बसतो, त्याला ‘बाहेरचे लागले’ किंवा नजर लागली असे समजले जाई आणि त्याला पुजाऱ्याकडे, मांत्रिकाकडे, गोंड वस्तीत भुमकाकडे किंवा एखाद्या दर्ग्यावर नेले जाई. महाराष्ट्रात महानुभाव पंथाच्या काही मंदिरांतही मानसिक त्रास असलेल्यांना घेऊन कुटुंबे मुक्कामाला राहत आली आहेत. व्हिएडा स्कुल्टान्स या अभ्यासिकेने १९८० च्या दशकात अशा एका मंदिराचा अभ्यास करून दाखवले की तिथे आजार हा एकट्या रुग्णाचा न राहता घराचा होतो आणि रुग्णासोबत, बहुतेक वेळा आई किंवा पत्नी, मुक्काम करते. या उपचारांचे वैद्यकीय मोल काहीही असो, घराबाहेर पडण्यास भिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्यांत दोन सोयी होत्या, ज्या नागपूरच्या इस्पितळाने कधीच दिल्या नाहीत : मांत्रिक घरी येत असे, आणि देवस्थानी जायचे झाले तर घरातले माणूस सोबत असे. वेस्टफाल यांनी सोबतीच्या परिणामाविषयी जे लिहिले ते गावाला न वाचताच ठाऊक होते.

पण या सोयीची किंमतही होती. अंगातले भूत काढण्यासाठी मारहाण, चटके, उपास, साखळी हे प्रकार घडत आले, आणि बाधा पुन्हा पुन्हा उतरवण्यात घरे कर्जबाजारी झाली. या प्रथांविरुद्ध संघटित काम विदर्भातूनच सुरू झाले हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ मध्ये नागपूरला स्थापन झाली. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण गुन्हा ठरवली. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागून साखळीने बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा मृत्यू झाला, तेव्हा हा प्रश्न एखाद्या प्रांताचा नाही हे देशाला कळले होते. मात्र मांत्रिकाला दोष देऊन विषय संपवणे फार सोपे आहे. ज्या गावापासून सर्वांत जवळचा मनोविकारतज्ज्ञ शंभराहून अधिक किलोमीटरांवर आहे, त्या गावाने मांत्रिकाचे दार ठोठावले तर त्यात अज्ञानाइतकाच भूगोलाचाही हात आहे.

या आजाराच्या अदृश्यतेला श्रमाच्या रचनेनेही हातभार लावला. विसाव्या शतकात गोंदिया आणि भंडारा परिसरात तेंदूपानांच्या विपुलतेमुळे विडीचा धंदा मोठा झाला, आणि त्यातील वळण्याचे काम मुख्यतः बायका घरी बसून करीत. पाने भिजवणे, कात्रीने मापात कापणे, तंबाखू भरून वळणे, दोऱ्याने बांधणे ही सारी कामे पडवीत किंवा ओसरीवर चालत. बाहेर पडायचे ते तयार विड्या सट्टेदाराकडे, म्हणजे कारखानदाराच्या वतीने माल गोळा करणाऱ्या मध्यस्थाकडे, नेऊन देण्यापुरते, आणि तेवढे काम घरातल्या पोराच्या हातूनही होऊ शके. अशा घरातील एखादी बाई वर्षानुवर्षे अंगणापलीकडे गेली नाही तर ती कष्टाळू ठरते, घरंदाज ठरते. ती आजारी असू शकते हे कोणाच्या मनात येण्याचे कारणच उरत नाही. पुरुषाचे तसे नव्हते. त्याला रोवणीच्या दिवसांत बांधीत, एरवी भातगिरणीवर, तहसिलीत, बाजारात जावेच लागे, आणि तो जाईनासा झाला की लगेच डोळ्यांवर येई, चेष्टेचा विषय होई, घरकोंबडा ठरे. जगभरच्या पाहण्यांत हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. परंतु एखाद्या समाजात तो किती दिसतो हे त्या समाजाने कोणाकडून बाहेर पडण्याची अपेक्षा ठेवली आहे यावर अवलंबून असते, आणि पूर्व विदर्भातील खेड्याने ती अपेक्षा स्त्रीकडून फारशी ठेवली नव्हती. मुलीच्या शाळा-महाविद्यालयाची, अंगणवाडीतील किंवा बँकेतील नोकरीची आणि बचत गटाच्या बैठकीची वेळ आली तेव्हा कुठे तिचे घरी राहणे हा प्रश्न बनू लागला.

स्वतःच्या पायांनी उपचाराकडे जाण्याचा मार्ग कायद्याने प्रथम उघडला तो १९१२ मध्ये. त्या वर्षीच्या कायद्यात स्वेच्छेने दाखल होणाऱ्या रुग्णाची सोय करण्यात आली. इस्पितळाच्या दोन अभ्यागतांच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या देखरेख करणाऱ्या व्यक्तींच्या, संमतीने अशा माणसाला ठेवून घेता येई. तरतूद होती, पण तिचा उपयोग करण्यासारखी स्थिती नव्हती. १९४६ मध्ये भोर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की भारतात सुमारे ४०,००० लोकांमागे मनोरुग्णालयातील एक खाट आहे, तर इंग्लंडमध्ये ३०० लोकांमागे एक. खाटा इतक्या अपुऱ्या असताना त्या सर्वांत उग्र आजारांनाच मिळणार, हे उघड आहे. खाटेची गरजच नसलेल्या, बोलून आणि सरावाने बऱ्या होणाऱ्या आजारांसाठी वेगळी जागा हवी होती, आणि ती साध्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात निर्माण झाली. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी १९३८ मध्ये असे विभाग सुरू केले. तापाचा आणि मनाचा रुग्ण एकाच दाराने आत जाऊ लागला, हा मानसिक आजाराची लाज कमी करणारा आतापर्यंतचा बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. भाषणांनी आणि भित्तिपत्रकांनी तेवढे साधलेले नाही. गोंदियापर्यंत तो पोचायला मात्र आणखी काही दशके गेली.

या दशकांत खुद्द उपचार बदलले होते. फ्रॉइड यांनी १९१८ मध्येच बुडापेस्ट येथील व्याख्यानात कबूल केले होते की अशा रुग्णाला नुसते बोलते करून भागत नाही, त्याला रस्त्यावर जाऊन भीतीशी झगडायला लावावे लागते. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करून एकेक पायरी सर करण्याची पद्धत मांडली, १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड क्लाइन यांनी इमिप्रामीन या औषधाने घबराटीचे झटके थांबू शकतात हे दाखवले, आणि लंडनमध्ये आयझॅक मार्क्स यांनी प्रत्यक्ष जागी नेऊन करायच्या सरावाला शास्त्रीय पाया दिला. आज या उपचाराला एक्सपोजर, म्हणजे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे, असे म्हणतात. विचारांची तपासणी करणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराची त्याला जोड दिली जाते, आणि गरजेप्रमाणे औषधेही दिली जातात. महाराष्ट्रात विचार तपासण्याच्या या परंपरेला अल्बर्ट एलिस यांचे अनुयायी कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने मराठीत रुजवले, आणि १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या संस्थेने मानसिक आरोग्याची भाषा मध्यमवर्गीय घरांत नेली. हे सारे अर्थात पश्चिमेकडील शहरांत घडत होते. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्य आडवे कापून गोंदियाला पोचते, या विचारांना तेवढेच अंतर कापायला कितीतरी अधिक काळ लागला.

टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे गोंदियाच्या एखाद्या रुग्णाच्या संदर्भात असे सांगता येईल. रुग्ण आणि उपचारक मिळून दहा-बारा प्रसंगांची यादी करतात आणि प्रत्येकाला शून्य ते शंभर या मापाने भीतीचे गुण देतात : फाटकाबाहेर पाच मिनिटे उभे राहणे वीस, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून एकट्याने मीठ आणणे तीस, दुपारच्या वेळी बसस्थानकावर बसणे पन्नास, बाजाराच्या दिवशी भाजीच्या ओळीतून चालणे साठ, स्थानकाच्या फलाटावर गाडी येईपर्यंत थांबणे सत्तर, लोकल गाडीने पुढच्याच स्थानकापर्यंत जाऊन परत येणे ऐंशी, आणि शेवटी एकट्याने नागपूर. खालच्या पायरीपासून सुरुवात होते. नियम मुख्यतः एकच असतो, की भीती वाढली म्हणून तिथून निघायचे नाही, ती उतरू लागेपर्यंत थांबायचे. बहुतेकांची भीती अर्ध्या-पाऊण तासात आपोआप खाली येते, कारण शरीर ती इतका वेळ शिखरावर धरून ठेवू शकत नाही. आणि ती पळून न जाताही उतरली, हा अनुभव जुना धडा पुसू लागतो. त्याच पायरीचा सराव रोज करायचा, आधी सोबतीने, मग सोबतीचे माणूस दहा पावले मागे ठेवून, मग ते घरी ठेवून. खिशात पाण्याची बाटली आणि गोळी घट्ट धरून बाहेर पडण्याची सवयही, वेस्टफाल यांच्या रुग्णांच्या काठीप्रमाणेच, शेवटी सोडावी लागते. या वर्णनात शौर्याचे असे काही नाही. फार तर कंटाळवाणी चिकाटी आहे. रुग्णाला लागणारे मोठे धैर्य याच्याही आधी, पहिल्या भेटीपर्यंत पोचण्यात खर्ची पडते.

ते अंतर कमी करण्याचे काम शासनाने हाती घेतले ते १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने. मानसिक उपचार प्राथमिक आरोग्य सेवेत मिसळावेत हे त्याचे मूळ सूत्र होते. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात ते अजमावून पाहिल्यावर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि नंतर देशभर वाढवण्यात आला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, ही घटना एरवी प्रशासकीय इतिहासात नोंदली जाते. आरोग्याच्या इतिहासातही तिला जागा हवी, कारण जिल्हा झाला म्हणून जिल्हा पातळीवरील योजनांचा स्वतंत्र वाटा आला. २०१६ मध्ये गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय, म्हणजे लोकांचे केटीएस, त्याला जोडले गेले. वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्राचा विभाग असावाच लागतो. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या रुग्णाला गोंदियाही दूरच आहे, पण केटीएसला जाणे आणि नागपूरच्या पागलखान्यात जाणे यांत किलोमीटरांपेक्षा मोठा फरक आहे : केटीएसच्या रांगेत उभ्या माणसाला काय झाले आहे हे शेजारच्याला कळत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने परवडणाऱ्या दरात, घराजवळ आणि दर्जेदार उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला, आणि १८५८ च्या कायद्यातील पोलिसी दृष्टी निदान कागदावर तरी मागे पडली. प्रत्यक्षात किती माणसे उपचारांपर्यंत पोचतात हे मात्र वेगळे प्रकरण आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की नैराश्य आणि चिंताविकारांसारख्या सामान्य मानसिक आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत गोंदियाला लागून असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही दोन्ही राज्ये होती, महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे आमगावच्या माणसाला आपल्या आजाराचा अंदाज शेजारच्या बालाघाट-राजनांदगावच्या राज्यांवरून बांधावा लागतो. विदर्भातील उत्साहवर्धक पुरावा अमरावती जिल्ह्यातून आला. तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवले, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचार मागणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. त्या गावांतील माणसे एकाएकी अधिक धीट झाली असे मानण्याचे कारण नाही. कोणीतरी त्यांच्या दारापर्यंत गेले होते.

दारापर्यंत जाण्याच्या या कल्पनेला आणखी जुना पूर्वेतिहास आहे, आणि तो थेट याच आजाराशी निगडित आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. क्लेअर वीक्स यांनी १९६२ मध्ये अशा रुग्णांसाठी साध्या भाषेतील पुस्तक लिहिले आणि पुढे ध्वनिमुद्रिका व पत्रके घरी पाठवून दूरवरच्या रुग्णांना मार्गदर्शन केले. १९७३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी या पद्धतीचे निष्कर्ष मांडले. जो घराबाहेर पडू शकत नाही त्याचा उपचार त्याच्या घरात सुरू व्हावा, ही इतकी साधी गोष्ट मान्य व्हायला वेस्टफाल यांच्यानंतर शंभर वर्षे लागली होती. भारतात ती घडली ती महासाथीच्या दडपणाखाली. मार्च २०२० मध्ये सारा देश घरात बंद झाला त्याच दिवसांत केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले, आणि डॉक्टरांनी फोनवर किंवा व्हिडिओवर रुग्ण तपासण्यास स्पष्ट मान्यता मिळाली. टाळेबंदीच्या महिन्यांत घराबाहेर न पडणे हे कर्तव्य ठरले, त्यामुळे जुन्या रुग्णांना काही काळ हायसे वाटले असले तरी टाळण्याची सवय घट्ट झाली, आणि बाजार उघडल्यावर पुन्हा बाहेर पडणे अनेकांना जड गेले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याविषयी सल्ला आणि मदत देणारी सेवा सुरू केली.

फोनवरचा उपचार पुरेसा आहे असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. घरात बसून बोलत राहणे हीही टाळण्याची एक रीत होऊ शकते, आणि फाटक, दुकान, बाजार, फलाट या पायऱ्या शेवटी चालूनच चढाव्या लागतात. सरकारी यंत्रणेनेही फोन क्रमांक दिला की आपले काम संपले असे समजू नये. अमरावतीच्या गावांत जे साधले ते चालत दारापर्यंत गेलेल्या माणसांनी साधले होते, आणि गोंदियाच्या आठही तालुक्यांना अशा माणसांची गरज आहे. तोवर ज्याला किंवा जिला पहिले पाऊल घरातूनच टाकायचे आहे त्यांच्यासाठी माहिती एवढीच : टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे, तो चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीत आणि हिंदीत बोलता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.